अंधारे फोटो उजळताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात माझं फोटो एडिटिंगचं काम चालतं. खानापूर, निपाणी, चिकोडी, येळ्ळूर, कुठकुठून लग्नांच्या आणि मिरवणुकांच्या फोटोंची मेमरी कार्डं येतात आणि कार्डाबरोबर प्रश्नही येतात. तेच ते फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून इथं लिहून ठेवतोय. लाइटरूम वापरा, फोटोशॉप वापरा, फुकटातलं डार्कटेबल घ्या किंवा मोबाइलवरचं स्नॅपसीड. स्लायडरची नावं थोडी इकडची तिकडं होतील, प्रकार तोच.

फोटो खरंच अंडर (उजेड कमी पडून काळपट) आलाय की मलाच तसा दिसतोय, हे कसं ओळखायचं?

आधी स्वतःच्या स्क्रीनवर संशय घ्या, कॅमेऱ्यावर नंतर.

माझीच गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या काळात रात्री सगळे झोपल्यावर, खोलीतला दिवा घालवून, लॅपटॉपचा ब्राइटनेस शंभर टक्के ठेवून मी काम करायचो. एका लग्नाचा चाळीस पानी अल्बम तसा केला. गोरज मुहूर्ताचं लग्न, मांडवात उजेड जेमतेम. स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. छापून आला तेव्हा मामा कुठला आणि भटजी कुठले ते कळेना. लॅबवाल्याशी कडाकडा भांडलो. त्यानं शांतपणे माझीच फाइल त्याच्या मॉनिटरवर उघडून दाखवली. तिथंही काळीच. अल्बम माझ्या खर्चानं परत छापला.

घडलं काय, तर अंधाऱ्या खोलीत भगभगीत स्क्रीनवर अंडर फोटोही उजळ वाटतो आणि आपण तो तसाच सोडतो. उलट मे महिन्याच्या दुपारी खिडकीशी बसलात तर चांगला फोटोही काळपट वाटतो आणि आपण तो नको तितका वर नेतो. छपाईसाठी काम करताना स्क्रीनचा उजेड साधारण ८० ते १२० निट (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) ठेवतात. मोजायचं यंत्र नसेल तर घरगुती उपाय करा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी पांढरा कागद धरा, खोलीत रोजचाच उजेड ठेवा. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी डोळ्यांत आली तर ब्राइटनेस उतरवा, कागदापुढं मळकी दिसली तर चढवा. मोबाइलवर ऑटो ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळा मोड दोन्ही बंद करा. ते चालू असताना उजेडाचा किंवा रंगाचा निर्णय घेऊच नका.

आणखी एक. एडिटिंगच्या खिडकीचा रंग राखाडी ठेवा. फोटोभोवती पांढरं असलं की तोच फोटो काळा वाटतो, काळं असलं की उजळ. डोळा शेजारचं बघून ठरवतो, त्याला इलाज नाही.

हिस्टोग्राम सगळा डावीकडं गोळा झालाय. म्हणजे चुकलंच ना?

नाही हो. हिस्टोग्राम म्हणजे एक आलेख, तो फक्त कुठल्या उजेडाचे किती ठिपके आहेत ते सांगतो. डावीकडं ० म्हणजे काळं, उजवीकडं २५५ म्हणजे पांढरं. फोटो कशाचा आहे ते त्याला माहीत नसतं.

आपली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक घ्या. रात्रभर चालते. रस्त्यावर अंधार, वर काळं आभाळ, मध्ये एका ट्रॉलीवर उजेडात उभा केलेला देखावा. असल्या फोटोच्या आलेखातला डोंगर डावीकडंच असणार आणि अगदी उजवीकडं दिव्यांचा एक बारीक खांब उभा राहणार. तो डोंगर मधे आणायला गेलात की आभाळ राखाडी होतं, डांबरी रस्ता धुळीच्या रंगाचा होतो आणि मिरवणूक संध्याकाळी साडेपाचला निघाल्यासारखी दिसते.

बघायचं एवढंच की डोंगर डाव्या भिंतीला कापला गेलाय की नुसता टेकलाय. कापला गेला असेल तर तिथं शुद्ध काळं आहे, उपसून काही निघणार नाही. लाइटरूममध्ये कीबोर्डवरचं J दाबा, शुद्ध काळं पडलेलं निळं दिसेल आणि जळलेलं, म्हणजे पार पांढरं झालेलं, लाल. निळं आभाळात आणि गाडीखाली दिसलं तर खुशाल असू द्या. मावळ्याच्या चेहऱ्यावर दिसलं तर मात्र काम आहे.

आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून (कॅमेऱ्यानं दाबून लहान केलेल्या फाइलवरून) काढलेला असतो, तुम्ही रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असलात तरी. त्यामुळं तिथं जळलेलं दिसलं तरी रॉमध्ये पुष्कळदा थोडं शिल्लक असतं.

मग उजळायचं किती? काही नियम सांगा की.

एक आकडा लक्षात ठेवा: ११८. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर जग सरासरी १८ टक्के उजेड परत पाठवतं असं धरून चालतं आणि नेहमीच्या एसआरजीबी (सगळीकडं चालणाऱ्या रंगप्रकाराच्या) फाइलमध्ये तो मधला राखाडी ११८ वर बसतो. त्याच्या दोन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), साधारण ६० वर, सावली असूनही कापडाचं विणकाम, भिंतीचा खडबडीतपणा दिसतो अशी जागा येते. अमेरिकन फोटोग्राफर अँसेल अ‍ॅडम्सच्या झोन पद्धतीत (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाचे टप्पे पाडायच्या पद्धतीत) याच जागेला तिसरा झोन म्हणतात. फिल्मच्या काळातला हिशेब आहे, पण आजही चुकत नाही.

आता प्रत्यक्ष बघू. जांबोटीकडच्या एका घरातला फोटो माझ्याकडं आला होता. चुलीपुढं बसलेली आजी. उजेड दोनच ठिकाणचा: चुलीतला जाळ आणि छपरातलं एक काचेचं कौल. फोटोशॉपच्या इन्फो पॅनेलमध्ये आजीच्या गालावर बाण नेला तर आकडा ६० च्या आसपास. एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) एक स्टॉप वाढवला तर तो ८५ च्या घरात जातो, दोन स्टॉपला ११८. इथं पोरं गोंधळतात. उजेड दुप्पट केला की आकडा दुप्पट होत नाही, कारण फाइलमधले आकडे डोळ्याच्या सोयीनं वाकवलेले असतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच-दहानं फरक पडेल, प्रोफाइल प्रत्येकाचं वेगळं.

मी आधी सरळ दोन स्टॉप चढवले. गाल छान आला. पण मागची भिंत बघितली तर वर्षानुवर्षांच्या धुरानं काळी झालेली भिंत तपकिरी पडून कालच रंग दिल्यासारखी वाटायला लागली. धूर धुक्यासारखा दिसायला लागला. जाळ तर पांढरा ठिक्कर. आजीला कुणीतरी स्टुडिओत आणून बसवलंय असं वाटत होतं.

मग मागं आलो. सगळ्या फोटोला एकच स्टॉप. चेहऱ्याभोवती मऊ कडेचा गोल मास्क (फक्त तेवढ्या भागावर काम करायची निवड) घेऊन तिथं आणखी ०.७. गाल १०७ वर आला. हायलाइट (उजळ भाग) खाली ओढून जाळातला केशरी परत मिळवला. भिंत ४०-५० मध्येच ठेवली, फक्त टांगलेल्या शिंक्याची दोरी दिसेल इतकी. भांड्यांच्या तळाला शुद्ध काळं राहू दिलं. फोटो नेणाऱ्या नातवानं बघितलं आणि म्हणाला, "हे आमचं घर. मघाचं कुणाचं की." मघाचं म्हणजे दोन स्टॉपवालं.

तेव्हा माझा नियम असा: रात्रीच्या किंवा घरातल्या अंधाऱ्या फोटोत ज्यासाठी फोटो काढलाय तो चेहरा १०० ते १३० मध्ये आणा आणि बाकीचं त्याच्या मागं मागं येऊ द्या. चेहराही भर दुपारच्या फोटोइतका चढवायचा नाही. हा शास्त्राचा आकडा नाही, माझ्या हाताला बसलेला आहे.

अजून ठरत नसेल तर वडिलांची युक्ती वापरा. ते लाल दिव्याच्या खोलीत प्रिंट करायचे तेव्हा पूर्ण कागद कधी एकदम वाया घालवत नसत. कागदाची एक पट्टी कापून, पुठ्ठा सरकवत सरकवत तिच्यावर पाच, दहा, पंधरा सेकंदांचे टप्पे पाडायचे आणि त्यातला बरोबर टप्पा बोटानं दाखवायचे. तुम्ही त्याच फोटोच्या तीन प्रती करा: अर्धा, एक, दीड स्टॉप. शेजारी शेजारी ठेवा. एकटा फोटो बघून कळत नाही ते तीन बघून लगेच कळतं. आणि शक्य असेल तर सकाळी परत बघा. रात्री अकराला बरोबर वाटलेला उजेड सकाळी चहानंतर दहातल्या चार वेळा तरी मी बदलतो.

एक्स्पोजर, शॅडोज, ब्लॅक्स, कर्व्ह. यातलं आधी काय हलवायचं?

आधी व्हाइट बॅलन्स. पिवळ्या बल्बखालचा फोटो रंग सुधारला की पुष्कळदा आपोआप उजळ वाटतो. मग एक्स्पोजर, ते सगळ्या फोटोचं. मग हायलाइट खाली. मग गरजेपुरत्या शॅडोज (अंधारे भाग). शेवटी ब्लॅक्स (अगदी काळे भाग), आणि ते बहुतेक वेळा खाली ओढायचे, वर नाही.

शेवटचं कुणी ऐकत नाही. शॅडोज +८० करतात, ब्लॅक्स +४० करतात आणि मग "फोटो दुधाळ का झाला" म्हणून विचारतात. शॅडोज वर नेल्यावर कुठंतरी एक गोष्ट खरी काळी ठेवावी लागते: केस, बुबुळ, टोपीची कड. तिच्यावर डोळा टेकला की बाकीचा उजेड खरा वाटतो. ब्लॅक्सचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढा, काळं नेमकं कुठं पडतंय ते दिसेल.

कर्व्ह (रेघ वाकवून उजेड बदलायचं साधन) सगळ्यात चांगलं हत्यार आहे, पण पहिल्या वर्षी हात लावू नका.

पांढऱ्या कपड्यातल्या दिंडीचे फोटो काळपट येतात आणि काळा दिनाच्या फेरीचे भलते उजळ. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठणठणीत आहे. मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडीवर आणून बसवतं. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, फेटे दिसले की त्याला वाटतं उजेड फार झाला, ते एक्स्पोजर उतरवतं आणि वारकरी मळके दिसतात. १ नोव्हेंबरच्या काळा दिनाच्या फेरीत, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांच्या निषेध फेरीत, काळे कपडे, काळे झेंडे, काळ्या फिती असल्या की त्याला वाटतं उजेड कमी आहे, ते चढवतं आणि काळं राखाडी होतं, तोंडं जळतात.

काढतानाच दिंडीला +१ आणि काळ्या कपड्यांच्या गर्दीला −१ एक्स्पोजर भरपाई (कॅमेऱ्यावरचं +/− बटण) द्या. राहून गेलं तर एडिटिंगमध्ये तेवढंच करा. धोतराचा पांढरा २३०-२४० पर्यंत नेला की पुरे. २५५ ला नेलात तर चुण्या जातात आणि मग ते धोतर आहे की कागद ते कळत नाही.

रॉ काढा म्हणता, पण कार्ड लगेच भरतं. जेपेगमध्ये इतकं काय बिघडतं?

उजेडात काढलेल्या फोटोत काही नाही. अंधारात बिघडतं.

सेन्सर उजेड सरळ मोजतो. १४ बिटच्या रॉमध्ये एकूण १६,३८४ पायऱ्या असतात. त्यातल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२, सगळ्यात उजळ एका स्टॉपलाच जातात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, मग १,०२४, पाचव्याला ५१२. अंधाराच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तरीही ते जेपेगपेक्षा बरंच, कारण जेपेगमध्ये एका रंगाला सगळ्या मिळून पायऱ्याच २५६. त्यात अंधाऱ्या भागातलं बारीकसारीक कॅमेऱ्यानं फाइल लहान करताना आधीच पुसून टाकलेलं असतं. असा फोटो दोन स्टॉप उचलला की आभाळात पट्टे पडतात आणि चेहऱ्यावर चौकोनी डाग येतात.

पाहुण्यांच्या पंगतीचे दोनशे फोटो जेपेगमध्ये काढा, काही बिघडत नाही. अक्षता, पाठवणी आणि रात्रीची वरात रॉमध्ये काढा.

उजळला की दाणे दिसतात. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड वाढवायची सेटिंग) कमी ठेवायला हवा होता ना?

उलटंच बहुतेक वेळा. दाणे आयएसओमुळं कमी आणि उजेड कमी मिळाल्यामुळं जास्त येतात. उजेड चौपट मिळाला तर दाण्यांच्या तुलनेत चित्राचा जोर दुप्पट होतो, एवढाच हिशेब. "आयएसओ ८०० च्या वर जायचं नाही" अशी शपथ घेऊन अंडर काढायचं आणि घरी येऊन तीन स्टॉप चढवायचे, यात काही वाचत नाही. जेपेगवाल्यांचं तर नुकसानच. शटर जमेल तितका हळू, अ‍ॅपर्चर जमेल तितकं मोठं, आणि मग आयएसओ लागेल तेवढा.

दाणे काढायचं सॉफ्टवेअर आता चांगलं झालंय, पण पूर्ण जोर लावू नका. गालाचं मेण होतं. थोडे दाणे राहिले तर छपाईत दिसतही नाहीत.

गुलाल आणि भंडारा का जळतो? हिस्टोग्राम तर ठीक दिसतो.

कारण तुम्ही एकत्र हिस्टोग्राम बघताय. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे बघा. गुलालात लाल २५५ ला जाऊन आदळलेला असतो आणि बाकीचे दोन खाली, त्यामुळं सरासरी बरोबर दिसते. सौंदत्तीच्या डोंगरावर उधळलेल्या भंडाऱ्यात लाल आणि हिरवा दोन्ही वर आणि निळा जवळजवळ शून्य. मग पिवळ्याचा एक सपाट पट्टा उरतो, भंडाऱ्याचा कण कुठंच नाही.

इथं सगळा फोटो उजळू नका. एक्स्पोजर लाल चॅनेल भिंतीपासून सुटेपर्यंत खाली ठेवा आणि माणसांना मास्कनं वर आणा. रंगांच्या पॅनेलमध्ये लाल किंवा पिवळ्याचा उजेड थोडा उतरवा. सॅच्युरेशन वाढवण्याचा मोह त्या दिवशी घरी ठेवून या.

याचा चुलतभाऊ म्हणजे डॉल्बीसमोरचा निळा-जांभळा एलईडी. चेहऱ्यावर फक्त निळा उजेड असेल तर लाल आणि हिरव्यात चित्रच नसतं. कितीही उजळा, जांभळा चिखलच होणार. असले फोटो मी सरळ कृष्णधवल करतो. गिऱ्हाईक आधी कुरकुरतं, मग तोच फोटो डीपीला लावतं.

कार्यालयात एका दमात काढलेले पाच फोटो. एक काळा, एक पिवळट, एक बरा. असं का?

ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/५०० सेकंद असेल तर एखादा फोटो दिव्याच्या भरात सापडतो, एखादा ओहोटीत. १/१०० किंवा १/५० वर काढा, एक पूर्ण फेरा आत येतो. एडिटिंगमध्ये अशा फोटोंना एकाची सेटिंग सगळ्यांना चिकटवू नका, एकेक बघावा लागतो. कंटाळवाणं आहे, माहीत आहे.

"नवरी जरा उजळ करा" म्हणतात तेव्हा काय करायचं?

उजळ म्हणजे गोरी, हे सगळ्यांना कळतं. मी चेहऱ्यावर उजेड वाढवतो, कातडीचा रंग बदलत नाही. दोन्हीत फरक आहे. कुठल्याही माणसाच्या कातडीत लाल सगळ्यात वर, मग हिरवा, मग निळा असा क्रम असतो आणि त्यांच्यातलं अंतर ही त्या माणसाची ओळख. एक्स्पोजर चढवताना हे अंतर सांभाळलं तर सावळी नवरी उजेडात उभी असलेली सावळी नवरीच दिसते. तिघांनाही २४० च्या वर नेलं की तोंड पिठात घातल्यासारखं होतं, नथीचे मोती गालात हरवतात आणि हात मात्र आपल्या रंगाचे राहतात. मेंदीचे हात आणि तोंड दोन वेगवेगळ्या बायकांचे वाटणारे अल्बम तुम्ही बघितले असतीलच.

तरी कुणी हट्ट धरला तर दोन प्रती करून आईला दाखवा. नवरीच्या आईला. ती बहुतेक वेळा खरा फोटो निवडते.

कमल बस्तीसारख्या काळोख्या देवळात फ्लॅशशिवाय काढलेलं कसं सुधारायचं?

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, रट्ट राजघराण्याच्या काळातली. काळसर दगड, वर छताला ते कोरीव कमळ, आणि बाहेरून दारातून येणारा पांढरा उजेड. दार आणि छत एका एक्स्पोजरमध्ये मावत नाही. फोटो काढायची आणि ट्रायपॉडची परवानगी आधी विचारून घ्या. मिळाली तर एकच फोटो चार वेळा काढा. फोटोशॉपमध्ये चारही थर एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये घालून स्टॅक मोडमध्ये मीन निवडा. चार फोटोंची सरासरी घेतली की दाणे निम्म्यावर येतात आणि मग शॅडोज निर्धास्त उचलता येतात.

तरीही पाकळ्यांच्या मधल्या खाचा काळ्याच ठेवा. कोरीव काम सावलीनंच दिसतं. सगळ्या खाचा उजळल्या की त्या कमळाची प्लास्टरची पीओपी सीलिंग होते. दारातला उजेड जळला असेल तर जळू दे, आत उभं राहून दाराकडं बघताना आपल्या डोळ्यालाही तसंच दिसतं.

छपाईसाठी वेगळं उजळावं लागतं का?

हो, थोडं. कागद स्वतः उजेड देत नाही. मी अल्बमच्या फाइलला स्क्रीनवर बरोबर वाटल्यावर पाव ते तिसरा हिस्सा स्टॉप चढवतो, मॅट कागद असेल तर अंधाऱ्या भागात जरा जास्त. नवीन लॅब असेल तर आधी दोन पानं छापून घ्या, एक दिवसाचं, एक रात्रीचं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर?

डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि पहिला मार अंधाऱ्या भागालाच बसतो.

कुठला फोटो सोडून द्यायचा?

डोळे शुद्ध काळे पडलेत, कॅटलाइटचा (डोळ्यातल्या चमकेचा) ठिपकाही नाही आणि जेपेगच आहे, तो सोडा. तीन स्टॉप चढवूनही भुवया आणि कपाळ वेगळं होत नसेल तर तोही. मात्र टाकण्याआधी गिऱ्हाइकाला एकदा विचारा. कणकुंबीकडच्या एका पावसाळी संध्याकाळचा असाच एक फोटो मी रद्दीत टाकला होता. छत्रीखाली एक म्हातारा, तोंड दिसतच नाही, मागं नुसता पाऊस. घरच्यांनी तोच मागितला. ते आजोबा मधल्या काळात गेले होते आणि छत्री त्यांचीच, मुठीला लाल दोरा बांधलेली. मी फक्त दोऱ्यापुरता अर्धा स्टॉप चढवला आणि दिला.